चिंचेखालून आलेली हाक

क्वाकू, तुझ्या बहिणीनं मला एका शब्दाचा अर्थ विचारलाय. नऊ दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही.

अबेनाचा फोन आला तो बुधवारी, तुझ्याच नंबरवरून. म्हणून उचलल्या उचलल्या म्हणालो, "बोल की, काकू." पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. तू गेलास हे तिनं दोन वाक्यांत सांगितलं. सरावावरून घरी आलास, बूट काढायला दारातल्या बाकावर बसलास, आणि एकच बूट निघाला. ती सावकाश, शब्द सुटे करून बोलत होती. माझं इंग्रजी कसं आहे ते तू घरी सांगितलेलं असणार.

मग तिनं विचारलं. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कुमासीतल्या तुझ्या क्लबातले सगळे खेळाडू मैदानावर जमले, मधल्या रेषेवर ओळीनं उभे राहिले आणि एकदम एकच शब्द ओरडले. तू नऊ वर्षं मैदानाच्या कडेनं ओरडायचास तोच. बाकावरच्या कुणाला आत पाठवायचं असलं, कुणी पुढं होऊन बॉल घ्यावा असं वाटलं, की तू हा शब्द ओरडायचास. त्यांना अर्थ ठाऊक नाही. तो ऐकला की आपली पाळी आली, एवढं ठाऊक आहे. तुमच्याकडं अंत्यविधीला महिना-दीड महिना लागतो आणि त्या दिवशी गेलेल्या माणसाची पुस्तिका छापून वाटतात. त्या पुस्तिकेत अबेनाला हा शब्द घालायचाय, अर्थासकट. तिथल्या पाद्रीबाबांना वाटलं, भारतातल्या एखाद्या देवाचं नाव असेल.

"तुमच्याकडचा शब्द आहे, तुम्हालाच माहीत असणार," ती म्हणाली. "बा-सा-व."

मी म्हणालो, "बघून सांगतो."

बघून! जसं काही कोशात शोधायचं होतं.

इथं ज्यांनी तुला खेळताना पाहिलं, त्यांना तुझं नाव अजून काकूच वाटतं. पहिल्या दिवशी आमच्या मैदानावर, कोपऱ्यातल्या चिंचेखाली तू नाव सांगितलंस, "क्वाकू." आमचा गोलकीपर रफिक मागं वळून ओरडला, "सुनो रे, इनकू काकू बोलते!" सहा फूट दोन इंचांचा माणूस, आणि काकू. महिन्याभरात अख्खं मैदान ओरडायला लागलं, "मार की, काकू!" नावाचा अर्थ बुधवारी जन्मलेला, असं तू सांगितलंस तेव्हा चहावाला म्हणाला, "मंजे आपल्या बुधवार पेठेतलाच की. उगं घाना-बिना सांगतोय." तू जेवायला यायचास त्या आमच्या घराकडं तर आणखी गोंधळ. गल्लीतली लेकरं माझ्या बायकोला, शैलालाही काकूच म्हणायची. कुणी हाक मारली की तुम्ही दोघं एकदम "ओ" द्यायचात. "एका घरात दोन काकू," शैला म्हणायची, "आणि भाकरी थापायला मी एकटीच."

पुण्यात शिकायला आलास, शिक्षण अर्ध्यावर सोडून कोल्हापुरात दोन वर्षं खेळलास, तिथं गुडघा गेला. ऑपरेशननंतर तिथं कुणी घेईना म्हणून सोलापूर. "शिक्षण अर्धं, गुडघा अर्धा, आता सोलापूर तरी पूर्ण करतो," असं म्हणायचास. तीन हंगाम आमच्याकडून खेळलास. मी कॅप्टन, तू पुढं. तुझ्या त्या अर्ध्या गुडघ्यानं आम्हाला जेवढे गोल दिले तेवढे आमच्या बावीस धडधाकट गुडघ्यांनी मिळून दिले नव्हते. मग एक दिवस सरावात तू खाली बसलास आणि उठताना माझा हात मागितलास. त्याआधी कधी मागितला नव्हतास. मला तेव्हाच कळलं.

क्लबनं तुला मॅनेजर केलं. मॅनेजर म्हणजे काय, हे आमच्या कमिटीला ठाऊक नव्हतं. अध्यक्ष ट्रकांचा धंदा करणारे, मोकळा माणूस. ते म्हणाले, "मॅनेजर मंजे पाणी, केळी, पोरांचं येणंजाणं बघायचं." तू त्यांचं शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मी टीम बघतो. केळी अध्यक्षांनी बघावी." हे मीच मराठीत करून सांगायचं होतं. मी सांगितलं, "सर म्हणतात, तुमच्या मार्गदर्शनाखाली काम करीन." तुला तोवर बरंच मराठी यायला लागलं होतं. बाहेर आल्यावर म्हणालास, "मल्लिनाथ, मी एवढं लांब बोललो न्हवतो की."

रोजच्या बोलण्यात मला मल्लिनाथ असं पूर्ण नावानं हाक मारणारे दोघंच होते, माझे वडील आणि तू. त्यामागं माझीच एक थाप आहे. तिथूनच सुरू करायला हवं.

तुझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट. तू विचारलंस, सगळ्यांच्या नावापुढं तुम्ही 'या' का लावता? सचिनचा सच्या, दत्ताचा दत्त्या. मी म्हणालो, प्रेमानं. तू मान डोलावलीस. मैदानाच्या कडेला बसलेले काही जण तुला काकू म्हणायचे नाहीत, वेगळं म्हणायचे. तू विचारलंस, "मग काळ्या? ते पण प्रेमानं?" मी इकडंतिकडं बघितलं. खरं सांगितलं असतं तर त्या माणसांशी जाऊन बोलावं लागलं असतं. त्यातले दोघं माझ्या गल्लीतले. मी म्हणालो, "ते पण प्रेमानंच."

"कुणाचं प्रेम?" तू विचारलंस.

मी उठून बॉल आणायला गेलो. तू पुन्हा विचारलं नाहीस, आणि त्या दिवसापासून कुणाच्याही नावाला 'या' लावला नाहीस. तोंडातून चुकूनसुद्धा नाही.

मॅनेजर झाल्यावर तू पहिल्या सकाळी आम्हाला गोल उभं केलंस. प्रत्येकानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ते तसंच परत म्हणायचं. आम्ही हसलो. शाळेतली हजेरी म्हणालो. "ज्याचं नाव तोंडात नाही त्याला पास कसा देणार?" असं तुझं म्हणणं. बॉल सोडायच्या आधी नाव घ्यायचं, हा तुझा पहिला नियम आणि शेवटचा. चार वर्षं रोज सकाळी तो गोल झाला. पोटं सुटलेले आम्ही, रफिक, रेल्वेतला सचिन, विडी घरकुल वसाहतीकडनं सायकल हाणत येणारा श्रीनिवास, सगळे एकमेकांची पूर्ण नावं बोंबलायचो. चहावाल्यालाही तोंडपाठ झाली होती.

त्या गोलात बसवराज आला. मैंदर्गीचा, वीस वर्षांचा. सकाळी पहिल्या एसटीनं यायचा, घरात कन्नड बोलायचा आणि आमच्यात गप्प असायचा. पहिल्या दिवशी नाव इतकं हळू सांगितलं की तू कान पुढं केलास. "बसव," तो म्हणाला. घरात त्याला तेवढंच म्हणत असावेत. आम्ही आठवड्याभरात त्याचा बसव्या केला. तू मात्र बसव म्हणायचास. चार वर्षं, रोज सकाळी, पंधरा-वीस माणसांच्या देखत, बसव.

हे मी मुद्दाम सावकाश लिहितोय. मराठीत बसव म्हणजे खाली बसव, बाहेर बसव, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. पण तू तो शब्द त्या अर्थानं कधी वापरलाच नाहीस. कुणाला बाहेर काढायचं असलं की तू "चेंज" म्हणायचास आणि बोटांनी नंबर दाखवायचास. हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळ्यांत जास्त मला.

आता त्या सामन्यावर येतो.

जिंकलो असतो तर आपला क्लब पहिल्यांदा राज्याच्या लीगमध्ये गेला असता. बरोबरीनं भागणार नव्हतं. आदल्या दिवशी तू फळ्यावर पेनल्टी मारणाऱ्यांची नावं लिहिलीस. पहिलं बसव, दुसरं माझं. चौदा वर्षं त्या क्लबची पेनल्टी मी मारत होतो. तू मला आधी बाजूला घेऊन सांगितलं नाहीस, सरळ फळ्यावर लिहिलंस, याचा राग जास्त होता. की राग यायला ते एक निमित्त मिळालं? आजही नक्की सांगता येत नाही.

सगळे गेल्यावर आपण चिंचेखाली भांडलो. मी म्हणालो, आमच्याकडं मान म्हणून एक गोष्ट असते. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची मानाची काठी कुणी धरायची हे ठरलेलं असतं, काल आलेला पोरगा उठून धरत नाही. तू दर संक्रांतीला यात्रेत हौसेनं फिरायचास, तुला काठ्या माहीत होत्या. तू म्हणालास, "काठी धरनारा मानूस महिना-महिना सराव करतो. मी बघितलंय. वजन बांधून करतो. पेनल्टीचा सराव कोन करतो?"

सराव संपल्यावर गोलच्या डाव्या खांबाशी पाण्याची बाटली ठेवून बसवराज रोज वीस-वीस बॉल मारायचा आणि मागं उभा राहून तू ते परत फेकायचास, हे मी रोज बुटाची नाडी सोडताना बघत होतो.

"बॉलला मान कळत न्हाय, मल्लिनाथ," तू म्हणालास.

"माणसांना कळतो," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली. ते भांडण तिथंच राहिलं. मला अजूनही वाटतं की मी सगळाच चूक नव्हतो, तू मला आधी सांगायला हवं होतंस. हे तुला सांगायचं राहिलं. पण ते दुसऱ्या दिवशी मी जे केलं त्याचं कारण होऊ शकत नाही.

सामन्यात एक-एक बरोबरी. शेवटची काही मिनिटं. त्याआधी पंचांशी वाद घालताना तू दोन पावलं आत आलास म्हणून त्यांनी तुला दोरीबाहेर काढलं होतं, आणि तू पलीकडच्या टोकाला चिंचेखाली उभा होतास. आम्हाला पेनल्टी मिळाली. बसवराजनं बॉल उचलला, नेऊन ठिपक्यावर ठेवला. पेनल्टी मिळाली की मैदान कसं गप्प होतं तुला माहीत आहे. त्या शांततेत अख्खं मैदान ओलांडून तुझी हाक आली.

"बसव! बसव!"

क्वाकू, मला ती स्पष्ट ऐकू आली. ते नाव होतं हेही स्पष्ट कळलं. तू त्याला सांगत होतास, तूच मार, घाबरू नको. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात त्या शब्दाचा दुसरा अर्थ आला. आला म्हणजे सुचला. आपल्या भाषेनं तो माझ्या हातात आयता दिला.

मी बसवराजजवळ गेलो. "सर म्हणतायत, बस तू. बाहेर जा."

"मी?" त्यानं चिंचेकडं बघितलं. तू दोन्ही हात हलवत होतास. आत ये असं सांगणारे हात लांबून जा असं सांगणाऱ्या हातांसारखेच दिसतात.

"ऐकलंस न्हवं? बसव म्हणतायत."

मी पंचांना खूण केली, बाकावरून एकाला बोलावलं. बसवराज मान खाली घालून बाहेर गेला. मी बॉल पुन्हा ठेवला, माझ्या पद्धतीनं फिरवून, आणि मारला. तो गोलवरून गेला आणि रस्त्यापलीकडच्या रसवंतीच्या पत्र्यावर आदळला. तो आवाज मला अजून येतो. मिक्सरचं झाकण पडलं तरी येतो.

चार दिवसांनी कमिटी बसली. तुला समोर खुर्ची दिली होती.

अध्यक्ष म्हणाले, "सर, ऐन टायमाला बेस्ट पोराला बसवतात व्हय?"

"मी बसव म्हणालो," तू म्हणालास. "बसव. नाव."

"अहो, पण बसव मंजे बसवच की!" ते हसले. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "बसव्या म्हनायचं हुतं मग."

तू हसला नाहीस. माझ्याकडं वळलास. "मल्लिनाथ, सांग यांना."

मी चहाच्या कपावरची साय बोटानं काढत होतो. म्हणालो, "मला जे ऐकू आलं ते मी केलं."

या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. आणि यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

त्या खोलीत रफिक होता, सचिन होता, गोलात चार वर्षं उभे राहिलेले पाच-सहा जण होते. त्यांनाही माहीत होतं. पण काकूचं मराठी चुकलं, हे सगळ्यांना सोयीचं होतं. हरण्याला एक गमतीदार कारण मिळालं. वर्षानुवर्षं चहाच्या गाड्यावर तो किस्सा चालला, आणि सांगताना लोक तुझ्या आवाजाची नक्कल करायचे. मीही एकदा केली.

'भाषेच्या अडचणीमुळे' तुला मुदतवाढ न देण्याचा ठराव झाला. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडं होतं. तो ठराव माझ्या अक्षरात आहे. पुढच्या ठरावात मला मॅनेजर केलं. तोही माझ्याच अक्षरात आहे.

तुला सोडायला मी स्टेशनवर आलो होतो. शैलानं शेंगा चटणीची सहा पाकिटं बांधून दिली होती. तुमच्याकडं दाण्याचा रस्सा करतात म्हणून तुला ती माहेरासारखी वाटायची. गाडी यायच्या आधी तू विचारलंस, "मल्लिनाथ, तुला खरंच तसं वाटलं?"

"त्या घाईत काय कळतंय," मी म्हणालो.

तू माझ्याकडं बघत राहिलास. मग म्हणालास, "व्हय. घाई लई हुती की."

तू तेव्हाच ओळखलं होतंस का? अकरा वर्षं मी हा प्रश्न फिरवतोय. ओळखलं असशील तर तू मला सोडलंस, आणि नसशील तर मी तुला फसवलं. दोन्हींत माझी बाजू तीच राहते.

तू गावी गेलास, तिथं एका छोट्या क्लबाचा मॅनेजर झालास, त्याला एक पायरी वर चढवलंस. दर दोन-तीन आठवड्यांनी बुधवारी फोन. "आज माझा वार," म्हणायचास. घरी रागावून बोलायचं झालं तर मराठीत बोलतो, कुणाला कळत नाही, असं सांगून हसायचास. वहिनी कशा आहेत, चिंच आहे का तोडली, आणि मग न चुकता, "बसव कसा हाय?"

"मजेत," मी म्हणायचो.

बसवराजनं त्या सामन्यानंतर बुटात पाय घातला नव्हता. हे मला माहीत होतं. प्रत्येक बुधवारी फोन ठेवताना ठरवायचो, पुढच्या वेळी सांगू. बुधवार काय, येतच राहतात असं वाटायचं.

अबेनाच्या फोननंतर मी तिला एक उत्तर लिहिलंही होतं. 'बसव म्हणजे ये, खेळ.' छान दिसत होतं, तिच्या पुस्तिकेत शोभलं असतं. पाठवायच्या आधी पुन्हा वाचलं आणि पुसून टाकलं. तुझ्या शब्दाचा अर्थ मी दुसऱ्यांदा बदलत होतो. या वेळी गोड करून, एवढाच फरक.

मग परवा मैंदर्गीला गेलो. बसवराजचं बी-बियाणांचं दुकान आहे, मागं घर. आईनं मला ओळखलं नाही, तरी "बर्री, कूड्री" म्हणून खुर्ची पुढं केली. या, बसा. मी उभाच राहिलो.

"कॅप्टन? हितं कसं काय?" बसवराज म्हणाला. केस मागं गेलेत, बाकी तसाच. "काकू गेले म्हनं. रफिकभाईंचा मेसेज आला. खोटं कशाला बोलू, मला काय वाटलं न्हाय."

"का?"

"का मंजे? ऐन टायमाला उठवलं मला त्या मानसानं. सगळ्या मैदानादेखत. मागनं म्हनं, नाव घेतलं हुतं. मी न्हाय मानलं."

मी सांगितलं. तिथंच, काउंटरच्या अलीकडं उभा राहून. मध्येच एक गिऱ्हाईक आलं. "थांबा," बसवराज मला म्हणाला, त्याला मक्याच्या बियाण्याची पिशवी दिली, पेरायचं कसं ते दोनदा समजावून सांगितलं, जाईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मंजे सर मला मार म्हनत हुते?"

"व्हय."

"पेनल्टी?"

"व्हय."

"डाव्या खांबाला मारली असती. खाली." त्यानं बोटानं काउंटरच्या कोपऱ्यात जागा दाखवली. "रोज तितंच मारायचो." मग बराच वेळ तो त्या कोपऱ्यावरची धूळ पुसत राहिला. "तीनदा फोन केलता त्यांनी मला. तिकडनं. मी उचलला न्हाय. शैलावहिनींकडनं नंबर घेतलाय म्हनून मेसेज आलता, तो पन वाचून सोडून दिला."

मला हे माहीत नव्हतं, क्वाकू. तू मला कधी बोलला नाहीस.

"माफ कर" असं काहीतरी मी म्हणालो असेन.

"माफीचं नंतर बघू," तो म्हणाला. आता आवाज चढला होता. "मला सांगून काय उपेग? त्यांना सांगायचं हुतं की! बुधवारी बुधवारी बोलत हुता न्हवं तुमी?"

आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. त्यानं तिला कन्नडमध्ये एवढंच सांगितलं, काही नाही, जुनी ओळख आहे.

मी म्हणालो, "त्याच्या बहिणीला खरं कळवणार आहे. तिकडं पुस्तिकेत छापतील."

"इंग्रजीत?"

"व्हय."

"तिकडं कोन हसलं हुतं त्यांना? हसलो आपन. हितं." त्यानं काउंटरवर बोट आपटलं. "मराठीत लिवा. नाव घालून लिवा, तुमचं. आन् क्लबात वाचा सगळ्यांम्होरं. मग बघू."

"तू येशील?"

"ते मी आत्ता सांगत न्हाय," तो म्हणाला आणि फळीवरच्या पिशव्या नीट लावायला लागला.

म्हणून हे मराठीत लिहितोय. नाव खाली आहे. क्लबच्या अंकात छापायला आजच देतोय. अध्यक्षांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मल्लू, मेलेल्या मानसासाठी कशाला आता?" मी म्हणालो, मेलेल्या माणसाची नक्कल अजून चालू आहे, म्हणून. सहा वर्षं मॅनेजर आणि नंतर चिटणीस म्हणून लोक मला सर म्हणतात. ती खुर्ची तुझी होती. चिटणीसपदाचा राजीनामा या कागदाबरोबर जोडलाय. इतिवृत्ताची ती वही कपाटातून काढून ठेवलीय. ठरावाखाली दोन बोटं जागा आहे. तिथं मी माझ्याच अक्षरात लिहिणार आहे की अडचण भाषेची नव्हती.

हे लिहिता लिहिताच अबेनाला उत्तर पाठवलं. लिहिलं ते असं:

'हे नाव आहे. आमच्या संघातल्या एका खेळाडूचं. पाद्रीबाबांचं फार चुकलेलं नाही, आमच्या घरांत हे नाव हात जोडून घेतात. तुमच्या भावानं ते बरोबर उच्चारलं होतं. इथल्या एका माणसानं त्याचा अर्थ मुद्दाम बदलला. तो माणूस मी. पुस्तिकेत एवढंच छापा की क्वाकू ओफोरी प्रत्येकाला त्याच्या नावानं हाक मारत असे.'

तिचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं नाही तरी चालेल.

रविवारी सकाळी चिंचेच्या मैदानावर सगळ्यांना बोलावलंय. हे वाचेन. मग गोल करू. तू गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांपासून तो झालेला नाही. मी मॅनेजर झालो आणि पहिल्याच दिवशी बंद केला, रोज सकाळी 'बसव' हे नाव ऐकायला नको म्हणून. आता करू. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं. तुझं मी सांगेन. काकू नाही, आणि ते दुसरंही नाही. पूर्ण, आणि सगळ्यांनी ते परत म्हणायचं.

मग बॉल ठिपक्यावर ठेवणार, आणि पलीकडच्या टोकाला, तू उभा होतास तिथं, चिंचेखाली जाऊन उभा राहणार. बसवराज आला असला काय, नसला काय, मैंदर्गीपर्यंत जाईल इतक्या जोरानं हाक मारणार आहे. तुझाच शब्द, तुझ्याच अर्थानं. या वेळी 'आम्हाला तसं वाटलं' असं कुणी म्हणायचं नाही.

— मल्लिनाथ